विष्णुपुरीच्या रस्त्यावरचं नटबोल्टचं घर

जुन्या दारा-खिडक्यांनी भरलेला टेम्पो आदल्या दिवशीच लातूरहून नांदेडला गेला होता. सकाळी शेषरावांचा फोन आला की काम थांबलंय, बायकोला नकाशा पसंत नाही. मी लातूरची आर्किटेक्ट. शेषराव आमच्या साइटवर सेंट्रिंगचं काम करायचे. नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्यालगत एका वस्तीत त्यांची पत्र्याची खोली आहे. तिच्या जागी जुन्या सामानाचं घर उभं करायचं ठरलं, तेव्हा नकाशा मीच काढून दिला होता. चहा अर्धा टाकून मी बसस्टँड गाठला.

तुम्ही जाणार असाल तर अहमदपूर-लोहामार्गे जाणारी सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि डावीकडच्या खिडकीला ऊन लागत नाही. अहमदपूरला गरम मिरची भजी सोडू नका. मी मात्र पुडा हातात धरून गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. लोह्यापर्यंत नकाशा पुन्हा पुन्हा उघडला, मिटला. चूक सापडत नव्हती.

लातुरात जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची घरं पाडतात तेव्हा सागवानी खांब, तुळया, दारं भंगारात येतात. त्यांचाच सांगाडा मी योजला होता, सगळे जोड नटबोल्टचे. भिंती दारांच्या, पत्र्याखाली बारदान आणि निवडणुकीतले जुने फ्लेक्स. वस्तीत जागेचा कागद कुणाकडेच नाही. उद्या उठायची वेळ आली तर घर सोडवून टेम्पोत घालता यावं, हा त्यातला विचार. त्याचा मला अभिमानही होता.

नांदेड स्टँडवरून शेअर रिक्षा मिळते. वस्तीत पोचले तर खांब जमिनीवर आडवे पडले होते. शेषरावांच्या पत्नी सुनंदाताईंनी आधी अंबाडीची भाजी आणि भाकरी पुढं ठेवली, बोलणं मग. त्या कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटतात. शेषराव सांगू लागले की याआधीच्या वस्तीत त्यांचं सिमेंटचं घर होतं, ते पाडलं तेव्हा हाताला एक अख्खी वीटसुद्धा लागली नाही. "जेसीबीला घटकाभरबी लागत न्हाई, मॅडम. मी पाहून बसलोय."

सुनंदाताई त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"ताई, घर कसं मोडून न्यायचं ते तुम्ही आधी ठरवलं. मला तर हितं राहायचं हाय."

भाकरी संपवून मी निघाले. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं, पण खोलीत बसवेना. गोदावरीच्या घाटावर गेले, तिथूनही लगेच उठले. दोघंही खरंच बोलत होते, आणि नकाशात एकाच्याच भीतीला जागा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सुनंदाताई शेजारणींना घेऊन घराखालचा पक्का ओटा घालत होत्या. शहाबादी फरशीचे तुकडे, त्यांच्यामध्ये सिमेंट. मी वहीचं पान फाडून खांब ओट्यावर कसे बसतील ते काढून दाखवलं. वरचा सांगाडा बोल्टचाच ठेवू, असं मी म्हणाले, आणि सुनंदाताईंना तो चालला. फक्त चुलीमागची भिंत विटांची, पक्की हवी होती. शेषराव पाठ करून उभे होते. मग वळून त्यांनी घमेलं ओढलं आणि ते वाळू-सिमेंटचा माल कालवायला बसले.

"भिंत गेली तर गेली," ते एवढंच म्हणाले.

सुनंदाताईंनी पहिली वीट लावली. संध्याकाळपर्यंत भिंत कमरेला आली आणि मी परतीची एसटी धरली.

आता घर उभं आहे. दुपारी आत तापत नाही, असं सुनंदाताई फोनवर सांगतात. हटवण्याची नोटीस आलेली नाही, जागेचा कागदही नाही. मी लातुरात कामाला बसते आणि कुणी गाडी रिव्हर्स घेतली तरी जेसीबीचाच आवाज वाटून खिडकीशी जाते. परवा सुनंदाताईंच्या शेजारणीनं निरोप पाठवला. तिला बोल्ट अजिबात नकोत, सगळं घर विटांचंच हवंय, तर नकाशा द्याल का?

कागद समोर पसरलाय. अजून एकही रेघ ओढलेली नाही.