सावित्रीची पातळी आणि न उघडणाऱ्या फायली

सईदभाईंना गप्प बसवणं महाडात एकाच माणसाला जमायचं, त्यांच्या बायकोला, साजिदाभाभींना. तेही फक्त जेवताना. एरवी एसटी डेपोजवळच्या त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यासमोरून जाताना ओळखीची माणसंसुद्धा मोबाइल कानाला लावून जात. फोन आलेला नसला तरी.

मूळचे ते खाडीकाठच्या तुडीलचे. तरुणपणीच कतारला गेले आणि तिथल्या एका गॅस कंपनीत कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात चिकटले. परत येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, मधुमेह आणि फायलींबद्दलची ठाम मतं. तिकडे नियम असा होता की, एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते अशी फाइल आणलीस तर ती घेऊन घरी जा. कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडेल, उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी उघडेल, अशीच फाइल चालायची. हे ते चहावाल्यालाही सांगत. चहावाला म्हणायचा, "बरोबर हाय भाई, साखर कमी ना?"

मग एका पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरलं आणि सईदभाईंचा एक टेम्पो स्टिअरिंगपर्यंत बुडाला. चिखल उपसून झाल्यावर ते तडक एका सरकारी कचेरीत गेले. कचेरीचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांना अजून आमचे दाखले द्यायचे आहेत. तिथले हेडक्लार्क दत्ताराम म्हणजे थंड डोक्याचा माणूस. आग लागली तरी आधी आवक नंबर विचारतील असे.

"वर पोलादपूरच्या डोंगरात सकाळपासून धो धो पडत होता," सईदभाई म्हणाले. "तुम्हाला कळलं नाही?"

"कळवलं होतं ना. मेल आला होता."

"मग?"

"उघडला नाही."

"का?"

"फाइल इथे उघडत नाही ती. त्यांच्याकडे उघडते."

दत्तारामांनी कॉम्प्युटर फिरवून दाखवला. डोंगरातल्या पावसाचे आकडे कुणीतरी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केले होते. तो फाँट पोलादपूरच्या कचेरीत होता, इथे नव्हता. इथे पडद्यावर डॉलर, उलटे स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं नाचत होती. सावित्री नदीची पातळी मोजणारं खातं वेगळं. ते वहीतल्या पानाचा फोटो पाठवायचं, तोही आडवा. आणि लोकांना इशारा देणारं तिसरं खातं, म्हणजे दत्तारामांचंच, दोन्ही मेल आल्याची पोच देऊन मोकळं व्हायचं. आकडे सगळे होते. ज्याचे त्याच्याकडे सुखरूप होते.

सईदभाईंनी अर्ज लिहायचं ठरवलं. कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडे बसून त्यांनी मोठा जळजळीत मजकूर सांगितला, त्यात कतार चार-पाचदा आलं, आणि तो जिल्ह्याला, तालुक्याला, दिसेल त्या पत्त्यावर मेल केला. काही दिवसांनी उत्तर आलं, "आपला अर्ज कोणत्या भाषेत आहे याचा बोध होत नाही. कृपया मराठीतून पाठवावा."

टायपिस्टाने तो त्याच जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता.

महाड त्यावर पोट धरून हसलं. मच्छीबाजारात बायका त्यांना "काय भाई, आज मराठी का डॉलर?" असं विचारू लागल्या. सईदभाई दोन दिवस गाळ्यावर आले नाहीत. घरी साजिदाभाभींनाच ते सहन होईना. "जा हो बाहेर," त्या म्हणाल्या, "सरकारला बोला, कुकरला नका बोलू."

तिसऱ्या दिवशी फोन आला. पोलादपूरहून एक मुलगी बोलत होती.

"सईदकाका ना? मी अंकिता. इथे ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर आहे. तुमचा अर्ज आमच्याकडेही आलाय. छान आहे. डॉलर जरा जास्त झालेत."

"हसायला फोन केलास?"

"नाही हो. मला तो वाचता आला. तो फाँट आमच्याही मशीनवर आहे."

अंकिता डोंगरातल्या कुडपण गावची. शिकून पोलादपुरात नोकरीला लागलेली आणि त्या फाँटवर आमच्या सईदभाईंहूनही जास्त चिडलेली. मराठी युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे कुठेही मराठीच दिसेल, असे सरकारी आदेश केव्हाचेच आहेत, तिने सांगितलं. आकडे साध्या, मोफत सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या तक्त्यात भरायचे. सगळ्या खात्यांनी रकाने तेच ठेवायचे. बास. हे ती आल्यापासून साहेबांना सांगत होती आणि साहेब दरवेळी "नोट टाक" म्हणत होते.

"मग बोलत का नाहीस जोरात?"

"काका, माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपतं. तुमचं काय संपतं?"

सईदभाईंना हा प्रश्न फारच आवडला. ठरलं असं की मजकूर अंकिताचा आणि घसा सईदभाईंचा.

पुढच्या पावसाळ्याआधी आपत्ती व्यवस्थापनाची बैठक झाली. नव्याने बदलून आलेल्या अधिकारी मॅडम अध्यक्ष होत्या. व्यापाऱ्यांच्या वतीने सईदभाई बोलायला उठले तशी अर्ध्या सभागृहाने खुर्च्या सरकवल्या. पण भाषण झालंच नाही. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, प्रत्येक खात्याने शेजारच्या खात्याची फाइल इथे पडद्यावर उघडून दाखवावी."

पहिली उघडली, डॉलर आले. दुसरी उघडली, आडवा फोटो आला आणि सगळी सभा मान वाकडी करून बसली. तिसरी पासवर्ड मागू लागली. पासवर्ड ज्याला ठाऊक होता त्याची बदली अलिबागला झाली होती आणि तो फोन उचलत नव्हता.

"आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतंय, मॅडम," दत्ताराम म्हणाले.

"आणि वर्षानुवर्षं बुडतोय आम्ही," सईदभाई म्हणाले.

दत्तारामांची एक शंका मात्र खरी होती. सगळ्यांना फाइल उघडता आली तर कुणीही आकडा बदलेल, मग जबाबदार कोण? यावर सईदभाईंकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलायला लागले. तेव्हा साहेबांबरोबर आलेली अंकिता मागच्या रांगेतून उठली. वाचायला सगळ्यांना खुली ठेवायची, लिहायची मुभा फक्त नोंद करणाऱ्याला, आणि कुणी काय बदललं ते दिसत राहील, असं तिने समजावलं. दत्तारामांनी ते लिहून घेतलं. त्यांनी स्वतःहून लिहून घेतलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

मग भांडण गावांच्या नावांवर आलं. एका खात्यात कुडपण होतं, दुसऱ्यात कुडपन. कॉम्प्युटरच्या हिशेबी डोंगरावर दोन गावं झाली होती. सईदभाई म्हणाले, "एकाला पाऊस द्या, दुसऱ्याला पाणीपट्टी लावा." शेवटी नाव काहीही लिहा, पण प्रत्येक गावाचा ठरलेला सरकारी क्रमांक सोबत लिहायचाच, यावर मिटलं. मॅडमनी तिथल्या तिथे आदेश काढला.

ऑगस्टात परीक्षा झाली. त्या दिवशी महाडात ऊन पडलं होतं. लोक कपडे वाळत घालत होते. आणि व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर पोलादपूर खोऱ्यातल्या पावसाचे आकडे दर तासाला चढताना दिसत होते, चक्क मराठीत. शेजारीच सावित्रीची पातळी. सईदभाईंनी त्यात भरतीची वेळ धरली. तुडीलच्या माणसाला ती विचारावी लागत नाही. दुपारी खाडी भरणार, म्हणजे वरचं पाणी खाली उतरणार नाही. ते बाजारात सुटले.

"ऊन हाय की भाई!" एक किराणावाला ओरडला.

"ऊन राहू दे तुझ्याकडे, साखर वर टाक!"

हसत हसत का होईना, लोकांनी पोती माळ्यावर टाकली. दत्तारामांनी इशाऱ्याचा भोंगा लावला, आवक नंबर न विचारता. सईदभाईंचे दोन्ही टेम्पो लोकांची फ्रिजं, शिलाई मशिनं, एका म्हातारीच्या कोंबड्या घेऊन हायवेकडे खेपा घालत राहिले. दुपारी पाणी पेठेत आलं तेव्हा त्याला बुडवायला फारसं काही मिळालं नाही. सईदभाईंच्या गाळ्यात मात्र त्यांचा कतारचा सोफा राहिला होता. साजिदाभाभींना तो कधीच आवडला नव्हता. त्यांनी मुद्दाम आठवण करून दिली नाही, असं बाजारात अजून म्हणतात.

पाणी ओसरल्यावर अंकिताने सईदभाईंना कुडपणला बोलावलं. ते मिठाईचा बॉक्स घेऊन गेले. गोठ्यामागच्या उघड्या जागेवर पाऊस मोजायचं नळकांडं उभं होतं. पुराच्या दिवशी त्यातला आकडा तासातासाला अंकिताची आई, बनुबाई, वाचून फोनवर सांगत होती. अंकिता तो तक्त्यात भरायची.

"तूच का तो वराडणारा?" बनुबाईने विचारलं.

"हो, मीच," सईदभाई म्हणाले.

"गेली कितीक वर्सं मी आकडं सांगतेय. भिजून, जळवा लागून. येकानं कधी सांगितलं नाय, बाय, त्याचं पुढं काय झालं. ह्या खेपेला पयल्यांदा महाडातनं फोन आला, पानी किती हाय म्हनून."

सईदभाईंना काहीतरी मोठं बोलायचं होतं. कतारवरून सुरुवात करावी असं त्यांच्या मनात आलंही. पण वर आभाळ भरून आलं होतं. बनुबाईने मोजपट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बग, वाच. नुसता उभा नको ऱ्हाऊस."

ते चिखलात बसले, चष्मा पुसला आणि आकडा वाचला. तो चुकला. बनुबाईने पुन्हा वाचायला लावला.