डावी बाजू बंद

"चाचा, गेम खेळासाठी पाह्यजे का गाणे आयकासाठी?" रिसोडच्या कम्प्युटरवाल्या दुकानदारानं मला विचारलं आणि माझं टाळकंच सरकलं. साठी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस समोर उभा आहे, आणि हा बाबा मला गेमचं विचारतो!

"बोलाले पाह्यजे," मी म्हणालो. "पोरीसंग. अन् गाणे बी आयकतो मी, तं थे बी नीट आले पाह्यजेत."

त्यानं काचेवर चार-पाच हेडसेट मांडले. पोरगा सभ्य होता, म्हणजे पोरगा कसला, चाळिशीचा गृहस्थ. त्याच्या निकाहात साऊंड माझाच होता, याची त्यानंच आठवण करून दिली. मग तर मी आणखीच तोऱ्यात आलो. तीस वर्षं मी मंडप-साऊंडचा धंदा केला. मंगरूळपीरच्या उरुसापासून शेलूबाजारच्या लग्नांपर्यंत माझे बॉक्स वाजले. भोंगे होते तेव्हापासून ते भिंतीएवढे बॉक्स आले तोवर. आवाजातलं मला कोणी शिकवावं, हे मला खपत नसे.

पण हेडसेट घ्यायची पाळी का आली, ते आधी सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

माझी एकुलती एक पोरगी बंगळुरूला नोकरी करते, म्हणजे करत होती. दर रविवारी दुपारी ती कम्प्युटरवर फोन लावायची. कम्प्युटर तिचाच, जाताना ती घरी ठेवून गेली होती. मी त्यावर गाणी भरून ठेवली होती. पोरीचा चेहरा पडद्यावर दिसायचा, तिचा आवाज कम्प्युटरमधूनच यायचा, बायको स्वयंपाकघरातून मध्ये मध्ये बोलायची, मी समोर बसून मान हलवायचो. अर्धं समजायचं, अर्धं नाही. नाही समजलं की मी "छान, छान" म्हणायचो. छान म्हटल्यानं कधी कोणाचं बिघडलंय?

बिघडलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती बराच वेळ बोलली. आवाज खाली-वर होत होता, एवढंच मला कळलं. तोंडासमोर तिनं हात धरला होता. मला वाटलं सर्दी झाली असेल. ती थांबली तसा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "वा, बढिया! बढिया झालं. तब्येतीले जप."

फोन बंद झाला. बायको कणकेच्या हातानं धावत बाहेर आली. "काय बढिया? अहो, काय बढिया? नोकरी गेली तिची! रडून राह्यली थे, अन् तुमी बढिया म्हनता?"

मी कम्प्युटरकडे वळलो. पुन्हा फोन लावला तर पोरीनं उचलला नाही. पुढच्या रविवारपासून ती आईच्या मोबाइलवर फोन करायला लागली, चेहरा न दाखवता. मला "जेवले का बाबा" एवढा एक मेसेज. पाऊण तास मायलेकींचं बोलणं चालायचं आणि मी विचारलं की बायको सांगायची, "बरी हाये." पाऊण तासाचे हे दोन शब्द! मी चिडायचो. "बरी हाये म्हंजे काय? काय म्हने थे?" ती म्हणायची, "आता सगळं काय तोंडपाठ सांगू काय तुमाले?" तिचंही बरोबर होतं. पण पोटची पोर आणि तिची खबर मला दुसऱ्याच्या तोंडून, तीही शिळी. मी एकदा न्हाणीघरात जाऊन रडलो.

दोष कम्प्युटरचा, हे मी ठरवून टाकलं होतं. डबड्याएवढ्या पडद्यात काडेपेटीएवढा स्पीकर, त्यातून माणसाचा आवाज काय येणार? कानाशी आवाज आणला की काम झालं.

म्हणून दुकानात मी प्रत्येक हेडसेट धंद्याच्या रीतीनं तपासला. कानावरच्या वाट्यांच्या गाद्या दाबून पाहिल्या, वायर जिथून निघते ती मान वाकवून पाहिली, कारण वायर मरते ती तिथंच. माइकच्या दांडीवर टकटक केलं. दुकानदार समजावत होता: "चाचा, हा घ्याल तं गाणे दमदार, पन बोलनं दबते. हा बोलाले साफ, पन गाण्यात दम नाई." मी म्हणालो, "मले नको शिकवू. बोलाले टॉप, म्हंजे बारीक आवाज लागते अन् गाण्याले बेस, मले दोन्ही पाह्यजे." शेवटी दोन्ही बऱ्यापैकी असलेला एक निवडला आणि घरी आणला.

प्रत्येक ऑपरेटरचं आवाज तपासायचं एक ठरलेलं गाणं असतं. माझं म्हणजे लग्नातली एक जुनी रेकॉर्ड. तिच्यात सनई डाव्या बाजूनं वाजते आणि ढोलक उजव्या बाजूनं. बॉक्स लावून झाले की मी तीच वाजवायचो. हेडसेट घालून ती लावली. ढोलक आला, सनईचा पत्ता नाही. डावी बाजू बंद.

परत नेला. दुकानदारानं मुकाट बदलून दिला. दुसऱ्याचीही डावी बाजू बंद. मग तिसरा. तो मी दुकानातच घालून पाहिला, मोबाइलवर तेच गाणं लावलं आणि भर गिऱ्हाइकांत आवाज चढवला, "डुप्लिकेट माल इकून राह्यला काय तू? तिघायचीबी डावी बाजू कशी मेली?"

त्यानं हेडसेट माझ्या डोक्यावरून अलगद काढला, स्वतः घातला, ऐकलं. "दोन्ही चालू हायेत, चाचा."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो?"

त्यानं हेडसेट डब्यात ठेवला. डबा बंद करून माझ्या हातात दिला. "घिऊन जा. शांतपणे पाहा घरी. नाई जमलं तं आनून द्या." बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून पाहत नाही.

घरी आलो, कम्प्युटरसमोर बसलो. सनई नाही ती नाहीच. तेव्हा मला आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट आठवली, जी मी हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवली होती. बॉक्स वाजत नसेल तर शिव्या देऊ नका, लाइन बदला. बंद बॉक्सची वायर चालू बॉक्सला लावा. वाजला, तर वायर चांगली आहे, बॉक्स गेला आहे.

मी हेडसेट उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर.

सनई वाजली. स्वच्छ, गोड सनई, कित्येक वर्षांत ऐकली नव्हती अशी. आणि ढोलक गेला.

चारदा उलटसुलट करून पाहिलं. प्रत्येक वेळी जे डाव्या कानावर येई ते मरे. वायर चांगली होती. बॉक्स गेला होता.

मिक्सरचं टेबल आम्ही कायम स्टेजच्या उजव्या अंगाला लावायचो, म्हणजे बॉक्सची भिंत ऑपरेटरच्या डाव्या कानाशी. कोणी कानात कापूस घातला की आम्ही त्याची इतकी टर उडवायचो की पुन्हा त्याची कापसाला हात लावायची हिंमत होत नसे. "कानात कापूस कोन घालते? बाळंतीन!" हे मीच म्हणायचो, आणि सगळे हसायचे. मीही पोट धरून हसायचो.

दुकानदार माझ्याकडे का पाहत नव्हता, ते आता कळलं.

रविवार उजाडला. बायकोनं पोरीला सांगून ठेवलं होतं की आज बाबा बोलतील. बायको मला म्हणाली, "आवाज बाहेर ठिवा ना, मले बी आयकू द्या." मी म्हणालो, "नाई. आज मी एकटा बोलतो माह्या पोरीसंग." पीन खोचली, हेडसेट घातला. पडद्यावर चेहरा नव्हता, तिनं कॅमेरा बंद ठेवला होता; नुसतं गोलात तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

"बाबा? येते काय आवाज?"

"येते, माय. खणखणीत."

खणखणीत नव्हता, पण येत होता. उजव्या कानात, बारीक, तिचाच. ती हळू, तोडून तोडून बोलत होती, मला समजावं म्हणून. दोन ठिकाणी अर्ज केलेत म्हणाली. खोली सोडली नाही म्हणाली. पुढचं थोडं निसटलं, पण मी छान म्हणालो नाही. जीभ दाताखाली धरून बसलो. मग मला राहवेना.

"माय, त्या दिवशी मी बढिया म्हनलो ना, मले आयकूच नोतं आलं. एक शब्द नोता आला. डावा कान गेला माहा. उजवा बी अर्धाच हाये. मी कोनाले सांगतलं नाई. तुह्यावर हसलो नोतो मी, माय."

त्यानंतर कानात काहीच नाही. नुसती बारीक घरघर, लाइन चालू असल्याची.

ती गप्प होती का? रडत होती? की बोलत होती, माझ्या कानाला पोचणार नाही इतक्या हळू? पडद्यावरचं अक्षर काही सांगेना. आवाज पूर्ण वाढवला. हेडसेट उलटा घातला. पुन्हा सुलटा घातला. तीस वर्षं हजार-हजार माणसांना आवाज पोचवला मी, आणि आता एका माणसाचा मला येईना.

"माय? बोलून राह्यली काय तू?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या खांद्याशीच उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"काय म्हनते थे?" मी उजव्या कानावरची वाटी सरकवून विचारलं.

"मले काय इचारता?" ती म्हणाली. "आवाज तं तुमच्या कानात हाये."

मी पीन उपटली. हेडसेट टेबलावर ठेवला. आवाज खोलीत आला असावा, कारण बायको लगेच खाली वाकली, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. एवढ्या जवळून ती मोठ्यानं बोलली म्हणून तेवढं मला ऐकू आलं.

"रडू नको, बाई," ती म्हणाली. "आयकून राह्यले तुहे बाबा."