हुशार पोरांची उसनवारी

आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेज निघालं तेव्हा मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. कॉलेज कसलं, जिनिंगचं रिकामं गोदाम. पत्र्याच्या सांदीत अजून कापूस अडकलेला होता. शाळा आणि कॉलेज चालवणारी मंडळी एकच. कालपर्यंत शाळेच्या ओट्यावर पान चघळणारे आता कॉलेजचे संस्थापक झाले होते. सायन्सला पोरं मिळाली सात. आणि मान्यता द्यायची की नाही ते पाहायला नागपूरहून विद्यापीठाची कमिटी येणार होती.

तेव्हा या मंडळींना एकाएकी आमची हुशारी दिसली. शाळेतल्या पहिल्या दहा नंबरांना मॅट्रिकच्या आधीच कॉलेजच्या वर्गात बसू द्यायचं, अशी योजना निघाली. हेडमास्तरांनी ती प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली आणि दहा माना ताठ झाल्या. त्यात माझीही होती. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारच्या घरून खुर्च्या आणि कपबशा आणतात. आम्ही त्या कपबशा होतो. मला हे कळायला वेळ लागला, हुशार होते ना.

माझे बाबा शिंपी. मॅट्रिकच्या पुढे शिकवायची ऐपत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. नादारी मिळून फी माफ झाली तरच मला कॉलेज दिसणार होतं. ते हेडमास्तरांना ठाऊक होतं.

"कमिटीनं काही इचारलं तर तारीफच करजो, पोरी," ते म्हणाले. "तुह्या नादारीचं मी पाह्यतो."

आठ दिवस आम्ही कॉलेजात बसलो. प्राध्यापक वहीत पाहून इंग्रजी वाचायचे, आम्ही माना डोलवायचो. कुणाला काही कळत नव्हतं. प्राध्यापकांना तरी कळत होतं का, याची मला अजून शंका आहे.

कमिटीच्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि मी थबकले. टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू होता, शेजारी बरणीतला बेडूक. बरणीच्या तोंडावर निळ्या पट्ट्यांचं कापड. ते बाबांच्या दुकानातलं होतं, मीच शाळेत नेऊन बांधलं होतं. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातलं अख्खं सामान बैलबंडीत घालून आणलं होतं.

"आपलंच व्हय सारं," दाराशी उभा असलेला शाळेचा चपराशी हळूच म्हणाला. "कायले घाबरतं?"

कमिटीतले एक वयस्क गृहस्थ माझ्यापाशी आले. तराजूकडे बोट दाखवून त्यांनी मायेनं विचारलं, "तुमच्या शाळेत असं काही आहे का, बाळ?"

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते.

"नाही सर," मी म्हटलं. "आमच्या शाळेत असलं काही नाही."

मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्हा दहा जणांना सांगण्यात आलं, आता मॅट्रिक होऊनच या. गरज सरो, वैद्य मरो. पण मला नादारी मिळाली. त्या मंडळींनी पाळलेला तेवढाच एक शब्द.

कपाटातलं सामान मात्र शाळेत परत आलं नाही.

माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. तराजूला हात लावायची परवानगी नववीपासून, म्हणून सामान जाईपर्यंत ती रोज त्या कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. डोक्यानं माझ्याहून तल्लख. ती नववीत गेली तेव्हा कपाटात खडूचे डबे होते. मास्तर फळ्यावर तराजू काढायचे, पोरं वहीत उतरवायची.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले. ती माझ्या जुन्या वहीतून तराजूचं चित्र काढत बसली होती. पट्टी लावून, अगदी सुबक.

"ताई," तिनं विचारलं, "खराखुरा काटा थांबाले किती वेळ लागते?"

त्याच दुपारी मी त्याच तराजूवर वजन केलं होतं. मी तिला नीट समजावून सांगितलं. तो तराजू कुठला, ते सांगितलं नाही.