घशातलं बोर

मिरजगावला हायवेवर आमचा एक चहावाला आहे. थोरला भाऊ वारल्यापासून त्याच्या घशात बोर अडकलं होतं. निदान तो तसं म्हणायचा. पाण्याशिवाय घास उतरत नव्हता. गिऱ्हाईक बसलं की मोबाईलचा टॉर्च त्याच्या हातात देऊन हा आ करायचा. "बगा बरं, दिसतंय का?" मी कितीदा तरी पाहिलं, पडजीभ सोडून काही दिसलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, तरी घसा साफ. "त्रास खराच आहे, पण तो मनातून आलाय," असं ते म्हणाले, तर हा भडकला. "मन छातीत आसतंय. घशात कसं यील?"

परवा मी सहज विचारलं, "तुमचे भाऊ चहा कसा प्यायचे हो?"

"बशीत वतून. लई फुर्रफुर्र करायचा," म्हणत तो नक्कल करायला गेला आणि एकदम हुंदका फुटला. भावाच्या मातीला आलेल्यांना चहा देत फिरलेला, डोळ्यांत टिपूसही न आलेला हा माणूस पोटभर रडला. मग तोंड धुऊन त्याने दोन भजी कोरडीच खाल्ली आणि भावाच्या एकेक खोड्या सांगत सुटला. चहा उतू गेला, तरी आम्ही हसतच होतो.