दांडी आणि गमबूट

अवजड यंत्रं ट्रेलरवर घालून गावोगाव पोचवणाऱ्या या माणसाला सगळे टनकाका म्हणत. कुठल्या यंत्राचं वजन किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पण धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा त्याला बावीस वर्षांत कधी ठाऊकच नव्हता.

ट्रेलरची दांडी ट्रकच्या हुकात अडकते. एकूण ओझ्याचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून जरा जास्त, त्या दांडीवर पडावा लागतो. कमी पडला तर उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. फार पडला तर ट्रकची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं नावाला उरतं. टनकाका खोदकामाचं यंत्र ट्रेलरवर इंचाइंचाने पुढे घ्यायचा. यंत्राच्या आडव्या हातामुळे त्याला पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून बायको दांडीपाशी उभी राहायची. दांडी दबत दबत तिच्या गुडघ्याच्या वाटीशी आली की ती हात वर करायची. टेपने मापायचं कुणाला सुचलंच नाही.

"माझा गुडघा काय पळून चाललाय?" असं ती म्हणायची.

पाच महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात ती गेली. काकाच्या तोंडाला कुलूप लागलं आणि ट्रेलर अंगणात गंजत पडला. दूर राहणारी मुलगी फोनवर एकच धोशा लावून होती, "विका तो, आणि माझ्याकडे या." शेवटी काकाने शब्द दिला की एक फेरी एकट्याने करून बघतो, नाही जमली तर विकतो.

त्या फेरीला त्याने यंत्र चढवलं, सवयीने मान वर करून तिच्या हाताची वाट पाहिली, आणि मग स्वतःवरच चिडून अंदाजाने थांबला. उतरून बघायलाही गेला नाही. एवढा मुरलेला माणूस, पण रुसला कुणावर, तर दांडीपाशी नसलेल्या बाईवर.

लांबलचक उतारावर आरशात ट्रेलर आधी डावीकडे सरकला, मग उजवीकडे. त्याने ट्रकचा ब्रेक दाबला नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूहळू ओढला आणि उतार संपल्यावर एका सपाट मैदानात गाडी घेतली. यंत्र मागे राहिलं होतं, एवढं कळत होतं. पण पुढे घ्यायचं किती?

चाकांना लावायचे ठोकळे काढायला त्याने हत्यारांची पेटी उघडली, तर तळाशी तिचे गमबूट होते. ती इतकी बुटकी, की बुटांचे काठ थेट गुडघ्याला टेकायचे. त्यावरून त्याने तिला किती चिडवलं होतं. त्याने बूट दांडीपाशी शेजारी शेजारी उभे केले, यंत्र बांधलेल्या साखळ्या सोडल्या आणि यंत्रावर चढला. वीतभर पुढे घ्यायचं, उतरायचं, वाकून बघायचं, पुन्हा चढायचं. गुडघ्यांनी बोंब मारली. सहाव्या खेपेला दांडी बुटांच्या काठाला आली. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला. ऐकायला कुणी नव्हतं.

पुढचा प्रवास सरळ झाला. यंत्र उतरवून त्याने मुलीला फोन लावला.

"हलला का ट्रेलर?" तिने पहिलं तेच विचारलं.

"हलला. मग आईचे बूट लावून यंत्र बसवलं." त्याने सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "मग टेपने मापून आकडा लिहून घेतलात ना?"

"नाही."

"बाबा, टेप तर तुमच्या खिशातच असतो."

"असतो."

ट्रेलर विकायचं तिने पुन्हा काढलं नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी मी येऊन उभी राहू का?"

"तू उंच आहेस गं," काका म्हणाला.