रोखठोकांची पत

आपल्या भाषेत दिवाळे वाजते. एखाद्याचे भाग्य उजळले तर त्याची वार्ता शेजारच्या घरीही धड पोहोचत नाही. दिवाळे मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाते. मौज अशी, की त्याच दिवाळ्यातून न्यायालय एखाद्याला विधिपूर्वक मुक्त करते तेव्हा काहीच वाजत नाही. त्या प्रसंगासाठी भाषेला क्रियापदच सुचलेले नाही. आमच्या गल्लीतले सुतार त्या निःशब्द मुक्तीनंतर कसे जगले, याची ही हकीकत आहे.

त्यांना सारे रोखठोक म्हणत. हे नाव त्यांना जिभेने मिळवून दिले होते, आणि तेही दिवाळ्याच्या फार आधी. एका नवविवाहिताने भला मोठा पलंग करायला सांगितला तेव्हा खोली पाहून ते म्हणाले, ‘‘पलंग होईल. तुम्ही दोघं कुठं राहणार?’’ गिऱ्हाईक गेले, नाव राहिले.

पुढे एका अतिथिगृहाच्या मालकाने सगळ्या खोल्यांचे सामान त्यांना सांगितले. रोखठोकांनी लाकूड वखारीतून उधार आणले, यंत्रे कर्जाने घेतली, कपाटे-पलंग वेळेत सिद्ध केले. सिद्ध झाले नाही ते अतिथिगृह. त्याचा मालक कापरासारखा उडाला, आणि कापराचा निदान वास तरी मागे राहतो. यंत्रांचा लिलाव झाला. न्यायालयाने जे होते ते धनकोंमध्ये वाटले. सर्वांत मोठे येणे वखारवाल्या शेठचे होते. त्यांच्या हाती जेमतेम पाचवा हिस्सा पडला. काही वर्षांनी आदेश निघाला, की उरलेले देणे देण्यास हा मनुष्य आता बांधील नाही. रंधा, करवत आणि पटाश्या हातातली हत्यारे म्हणून जप्तीतून वाचल्या होत्या. त्या घेऊन रोखठोक पुन्हा जगाच्या व्यवहारात उतरले.

दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. रोखठोक साधे पाणीही फुंकू लागले. त्यांनी व्रत घेतले, की कोणाचे क्षणभरही देणे लागायचे नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी ते पैसे मोजत. न्हावी म्हणे, आधी केस तरी कापू द्या. त्यावर त्यांचे उत्तर असे, की मध्येच मला काही झाले तर तुझी अर्धी हजामत बुडेल. घरात साखर संपली तर शेजारून वाटीभर उसनी आणण्यास पत्नीला सक्त मनाई होती. ती माउली मागच्या दाराने आणीच. आमच्या गल्लीत त्या काळी तेवढाच एक चोरटा व्यवहार चाले. अशा रीतीने नावातला ‘ठोक’ पूर्वीपासून हातोडीत होता, ‘रोख’ आता खिशात आला.

कारखाना गेल्यामुळे ते घराच्या बोळवजा पडवीत स्टुले, खिडक्यांच्या चौकटी, मोडक्या खुर्च्यांचे पाय अशी कामे करीत. भुसा उंबरठा ओलांडून घरात येई, अंथरुणात शिरे, ताटात उतरे. एकदा जेवताना त्यांनी भाजीला मीठ कमी असल्याचे सांगितले. पत्नी शांतपणे म्हणाली, ‘‘मीठ बरोबर आहे, सागवान जास्त झालंय.’’ तेव्हा कामासाठी वेगळी जागा हवी, हे त्यांनाही पटले. शिवाय पडवीत मावेल एवढेच काम घेता येई. दारे, कपाटे, जिने, म्हणजे ज्यात त्यांचा हात खरा रमे, ते सारे परत पाठवावे लागे. कारखाना मिळाला नाही तर उरलेले आयुष्य खुर्च्यांचे पाय बसवण्यात जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

जागा समोरच होती. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा पुढल्या वर्षअखेरीस मुलाकडे राहायला जाणार होता. त्याच्या गाळ्याला रुंद दार, उंच छत आणि उत्तरेचा प्रकाश होता. गाळ्याचे मालक सज्जन होते, पण सज्जनपणालाही अनुभव येतच असतो. त्यांनी भाडे मान्य केले आणि एवढेच सांगितले, की बँकेकडून पत चांगली असल्याचे पत्र आणा, नाहीतर बाजारातला एखादा वजनदार जामीन द्या.

रोखठोक धुतलेला सदरा घालून बँकेत गेले. कर्जविभागातल्या तरुण अधिकारीणबाईंनी त्यांचे नाव पडद्यावर पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

‘‘काका, आदेशानंतर तुमच्या नावावर एकही कर्ज नाही.’’

‘‘नाहीच,’’ रोखठोक छाती किंचित पुढे काढून म्हणाले.

‘‘मग अवघड आहे.’’

बाईंनी त्यांना जे समजावून सांगितले ते नवे अर्थशास्त्र त्यांच्या गळी उतरण्यास बराच वेळ लागला. ज्याने कर्ज घेतलेच नाही तो फेडतो की बुडवतो, हे बँकेला कसे कळावे? म्हणून काहीतरी हप्त्यांवर घ्यावे, वर्षभर नेमाने भरावे, मग पत दिसू लागते. प्राचीनांनी सांगून ठेवले होते, की मनुष्य देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊनच जन्मतो. बँकेने त्यात चौथ्याची भर घातली होती, एवढाच काय तो फरक.

‘‘म्हणजे मी कोणाचा कर्जदार नाही, हा माझा दोष?’’

‘‘दोष नाही हो काका. पुरावा नाही.’’

घरी येऊन त्यांनी ही विपरीत वार्ता सांगितली तेव्हा पत्नीच्या मुखावर अनेक वर्षांत न दिसलेली प्रसन्नता उमटली. तिला शिवणयंत्र हवे होते. ते हप्त्यांवर आले. परंतु रोखठोकांनी त्यावर चादर घातली आणि सांगितले, की सगळे हप्ते फिटेपर्यंत ही दुसऱ्याची वस्तू आहे; बेताने वापरावी. पत्नीने एक उशीचा अभ्रा शिवला तरी ते सुईकडे असे पाहत, जणू दुकानदाराची सुई झिजते आहे. ‘‘अहो, यावर शिवून हप्ते भरायचे की याला रोज ओवाळायचं?’’ असे तिने एकदा विचारलेही.

काही आठवड्यांनी एका दवाखान्याच्या जिन्याचा कठडा बसवून त्यांना घसघशीत मजुरी मिळाली. घरी न येता ते परस्पर दुकानात गेले आणि शिवणयंत्राचे सगळे उरलेले हप्ते एकरकमी भरून मोकळे झाले. त्या दिवशी ते शीळ घालीत घरी आले. चादर स्वतः काढली. दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने बँकेत गेले.

बाईंनी पडदा पाहिला आणि डोळे मिटले. ‘‘काका, तुम्ही फार लवकर फेडलंत. खातं बंद झालं. यातून काहीच दिसत नाही.’’

बुडवले तेव्हा पत गेली होती. फेडले तर ती यायलाच तयार नव्हती.

दुसऱ्या खेपेस सूत्रे पत्नीने हाती घेतली. शीतकपाट आले. कपाट हा शब्द ऐकून रोखठोकांनी ते आतून-बाहेरून तपासले आणि एकही सांधा लाकडाचा नसताना याला कपाट म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे, असा निर्णय दिला. पण खरी व्यवस्था वेगळीच होती. घरातली रोकड आता पत्नी कुलपात ठेवी आणि किल्ली कमरेला. हप्त्याच्या दिवशी ती नेमकी रक्कम काढून देई, आणि दारापर्यंत येऊन बजावी, ‘‘एवढेच भरायचे. जास्त भरून आलात तर बघा.’’ पतीने पैसे उडवू नयेत म्हणून किल्ली सांभाळणाऱ्या गृहिणी सर्वत्र आहेत. पतीने कर्ज फेडून टाकू नये म्हणून सांभाळणारी ही एकच असावी.

हप्ते नेमाने जाऊ लागले. पण वर्ष पुरे होण्याच्या कितीतरी आधी सायकलवाल्याने अकस्मात गाशा गुंडाळला. मुलाला मूल झाले होते, आणि नातवंडाला पाहण्यास कोण वर्षअखेरीची वाट पाहतो? गाळामालकांनी निरोप दिला, की सरबतवाला दारात उभा आहे; रविवारपर्यंत जामीन आणा, नाहीतर माझा नाइलाज आहे.

जामीन म्हणून गाळामालक ज्याचा शब्द मानतील असा मनुष्य रोखठोकांच्या ओळखीत एकच होता, आणि त्याच्याकडे जाण्यास त्यांची पावले धजत नव्हती. तो म्हणजे वखारवाले शेठ, ज्यांचे चार हिस्से बुडाले होते.

तसे ते त्या वखारीत वरचेवर जात. घराजवळ दुसऱ्या दोन वखारी असूनही ते गावाच्या टोकाला याच वखारीत जात, फळी उचलण्यापूर्वी पैसे ठेवीत, आणि भाव कधीही करीत नसत. शेठही मागच्या देण्याबद्दल अक्षर काढीत नसत. आदेश निघाल्यावर शेठनी दारावर एक पाटी लावली होती, ‘आज रोख, उद्या उधार’. तिच्याखालून जाताना रोखठोक मान खाली घालीत. इतरांच्या मते पाटी उंचीला बेताची होती. खरे कारण त्यांनाच ठाऊक.

शनिवारी पत्नीने त्यांना जवळजवळ ढकलूनच पाठवले. वखारीत पोहोचल्यावर त्यांनी सवयीने आधी दोन फळ्यांचे पैसे पुढे ठेवले आणि मग, लाकडाकडे पाहत, जामिनकीचे सांगून टाकले. जिभेची सारी धार त्या चार वाक्यांत बोथट झाली.

शेठनी पानाचा डबा उघडला.

‘‘तुला मी फळी महाग लावतो, ठाऊक आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या फळीपासून.’’

‘‘मग बोलला का नाहीस? तुझी जीभ तर गावाला ऐकू जाते.’’

‘‘शेठ, कोर्टानं मला सोडवलं. तुम्हाला कोणी सोडवलं?’’

शेठनी डबा बंद केला. तू किती दिवस गप्प राहतोस तेच बघत होतो, असे काहीसे ते पुटपुटले. मग पुढे ठेवलेले पैसे एका बोटाने परत सरकवले.

‘‘ते उचल. फळ्या घेऊन जा. पैसे पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.’’

उधार नको, असे रोखठोक तीनदा म्हणाले. शेठ हलले नाहीत. ‘‘ज्याला मी दोन फळ्या उधार देत नाही, त्याला जामीन कुठल्या तोंडानं राहू? दारावरची पाटी वाच.’’

‘‘आज रोख, उद्या उधार.’’

‘‘कोणासाठी लावली होती?’’

‘‘माझ्यासाठीच असेल.’’

‘‘मग तो उद्या आज उजाडला म्हण, आणि उचल फळ्या. भावही आजपासून बाजाराचा.’’

रोखठोकांनी फळ्या खांद्यावर घेतल्या. आयुष्यात त्यांनी याहून कितीतरी जड लाकूड वाहिले होते, पण वाटेत त्यांना तीनदा थांबावे लागले, असे पाहणारे सांगतात. रविवारी शेठनी गाळामालकांपुढे सही केली आणि सरबतवाला दुसऱ्या गल्लीत गेला.

नव्या कारखान्यात पहिले काम एका शाळेच्या दाराचे मिळाले. ते करताना रोखठोक अधूनमधून रंधा थांबवून तारीख विचारीत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांच्याने राहवले नाही. पत्नीने काही कामासाठी ठेवायला दिलेली रक्कम घेऊन ते वखारीवर हजर झाले. शेठनी चष्म्यावरून पाहिले आणि तारीख उद्याची असल्याची आठवण करून दिली. ते तसेच परत आले.

पत्नी कारखान्याच्या दारात उभी होती. तिला सारे आधीच कळले होते. तिने हात पुढे केला, रक्कम घेतली, कमरेच्या किल्लीजवळ खोचली.

‘‘एक दिवस राहा कर्जदार,’’ ती म्हणाली. ‘‘काही होत नाही.’’

रोखठोक दाराच्या फळीवर रंधा टेकवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘शेजारच्यांची साखरेची वाटी परत केलीस का?’’

‘‘तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘पहिल्या वाटीपासून,’’ ते म्हणाले, आणि रंधा पुढे ढकलला.