पुढच्या अंगणातलं अळू

पोपो कुणालाच 'हॅलो' म्हणत नसे. रस्त्यात भेटा, दुकानात भेटा, कुंपणावरून डोकं वर काढा, तिचा एकच प्रश्न : "यू ईट?" सकाळी सातला मी कामावर निघालो की विचारायची, तिन्हीसांजेला गाडी लावत असलो तरी विचारायची. पहिले काही दिवस मला वाटलं, बाईंना काहीतरी विकायचं आहे. माझ्या आईला मात्र हा प्रश्न ऐकून हायसं वाटलं. ती पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि इथल्या 'हाऊ आर यू'ने पार गोंधळून गेली होती, कारण उत्तर ऐकायला कुणी थांबतच नसे. "ही एकटीच माणसासारखं विचारते," आई म्हणाली. "शेजाऱ्याला दुसरं काय विचारायचं असतं? जेवलात का, एवढंच ना?"

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो आणि मनुरेवा या उपनगरातल्या एका शांत गल्लीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. शेजारचं घर भाड्याचं. त्यात पोपो, तिची लेक, जावई, नात विनी आणि अधूनमधून मुक्कामाला येणारा एक भाचा एवढी माणसं राहायची. पोपो म्हणजे त्यांच्या चिनी बोलीत आईची आई. विनी आणि माझी जुई एकाच वर्गात होत्या. जुई तिच्या देखादेखी 'पोपो' म्हणू लागली, मग आम्हीही. आईला नुसतं 'पोपो' म्हणणं उद्धटपणाचं वाटे, म्हणून ती 'पोपोबाई' म्हणायची.

रिकामी जमीन पोपोला बघवत नसे. घरासमोर छान कातरलेली हिरवळ होती, ती तिने दोन आठवड्यांत खणून काढली. भाच्याने विचारलं असावं, कारण हिरवळीकडे हात करत ती त्याला, बहुधा मलाही कळावं म्हणून, इंग्रजीतच म्हणाली, "ग्रास. नो ईट." विषय संपला. तिथे पालेभाज्या आल्या, मुळे आले, कोथिंबीर आली. वाटाण्याचे वेल तिने टाकून दिलेल्या पाळण्याच्या कठड्यावर चढवले. नव्या पाण्याची नासाडी नको म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून ती झाडांना घालायची. गल्लीतली बाकीची मंडळी शनिवारी गवत कापायची आणि पोपो शनिवारी भाजी काढायची. त्यातली एक जुडी न चुकता आमच्या पायरीवर ठेवलेली असे.

आणि तिथे अळू होतं. नळाच्या खाली, फाटकाला लागून, चांगलं कमरेएवढं. आईने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती चपला न घालताच बाहेर धावली. पोपोला अळूचे कंद हवे असायचे, पानं ती फेकून द्यायची. आईला पानं हवी होती, कंदांचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. दोघींनी एका झाडाची वाटणी करून टाकली. चिंच लावली की पान खाजत नाही हे आईने हातवारे करून, घसा खाजवून, तोंडं करून समजावलं. पहिली अळूवडी पोपोने डोळे मिटून खाल्ली. दुसरी खाल्ली. मग पुढच्या खेपेला आईने तळण्याआधी पानं लाटली, त्यांवर पीठ थापलं, ती गुंडाळली, उकडली हे सगळं तिने उभं राहून बघितलं आणि निकाल दिला, "गुड. टू मच वर्क." आई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

माझी आई पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दुपारी ती मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली की पोपो शेजारी येऊन बसायची. एकदा तिने ओळीवरून बोट फिरवलं, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ दाखवली, मग आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे बोट केलं आणि म्हणाली, "वॉशिंग!" आईला हे फार आवडलं. तेव्हापासून मराठी अक्षरांचं नाव त्या दोघींत 'वॉशिंग' पडलं. आईने तिला 'अ' काढायला शिकवला. शिक्षिकेची सवय, मरेपर्यंत जायची नाही. पोपोने तो 'अ' कुदळीच्या दांड्याने मातीत काढून मला मोठ्या तोऱ्यात दाखवला होता.

एका दुपारी दोघी बाजार घेऊन पायी परत येत होत्या. एक गाडी हळू झाली, आतल्या कुणीतरी "गो होम, एशियन्स!" असं ओरडून अंडं फेकलं. ते आईच्या स्वेटरवर फुटलं. पोपोने आपल्या बाहीने तिचा स्वेटर पुसला, गाडी गेली त्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "एग. वेस्ट." आईने हे घरी हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, राग आला. आणि त्या रागाने कुठे धाव घ्यावी? मी आईला म्हणालो, "तू त्यांच्याबरोबर इतकी फिरू नकोस. लोक तुलाही त्यांच्यातलीच समजतात."

आई स्वेटर धूत होती. तिने नळ बंद केला. "मग मी कुणातली?" तिने विचारलं.

 माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. त्या दिवसांत इथे 'एशियन' हा शब्द फार कानावर यायचा. एशियन फार झाले, एशियन गाड्या कशा चालवतात, एशियन एका घरात किती राहतात. रेडिओवर लोक फोन करून करून हेच बोलायचे. ऑफिसात कुणी असं काही बोललं की लगेच माझ्याकडे वळून म्हणायचं, "नॉट यू, मेट." आणि मी मान डोलवायचो. एशियन म्हणजे ते, आम्ही इंडियन, अशी सोयीची रेघ मी मारून घेतली होती. आम्ही या देशात नवे आलो तेव्हा दोन घरमालकांनी 'करीचा वास भिंतीतून जात नाही' म्हणून आम्हाला घर नाकारलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान तेवढी सबब तरी असती.

समोर बॅरी राहायचा. निवृत्त, गोरा, वागायला गोड. आम्ही गल्लीत राहायला आलो त्या दिवशी त्याने पिशवीभर फिजोआ, ही इथली पेरूसारखी फळं, आणून दिली होती, सामान वाहायला गाडीमागचा ट्रेलर लागला तर केव्हाही घेऊन जा म्हणाला होता. तो वाईट माणूस नव्हता, पंचाईत तीच होती. एका रविवारी सकाळी तो टाइप केलेला कागद घेऊन आला. शेजारच्या घराच्या मालकाला गल्लीतर्फे पत्र जाणार होतं. पुढच्या अंगणाचं शेत केलंय, माणसं फार राहतात, सुकवलेल्या मासळीचा वास येतो, आपल्या गल्लीला हे शोभत नाही, आपण काय ते बघावं. खाली सह्या होत्या. "नावं घालायची नाहीत, नुसत्या सह्या," बॅरी म्हणाला. "उगाच कुणाला त्रास नको." मी जरा घुटमळलो असेन. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यू गाइज आर डिफरंट, मेट. यू लुक आफ्टर द प्लेस."

मला बरं वाटलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण खरं तेच आहे, मला बरं वाटलं. या देशात आल्यापासूनच्या पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला 'आपल्या गल्लीत' धरलं होतं. मी सही केली. आत आई अळूवड्या तळत होती, वास दारापर्यंत येत होता. बॅरीने तो हुंगला आणि "स्मेल्स अमेझिंग" म्हणाला.

माझी सही मराठीत आहे. दहावीच्या फॉर्मवर करायची म्हणून आईनेच ती वहीचं पानभर गिरवून घेतली होती. "सही वाचता आली पाहिजे. गिचमिड कशाला? तोंड लपवायचंय का?" असा तिचा दंडक. परदेशात आल्यावरही मी ती बदलली नाही. बँकेत, पासपोर्टवर, घराच्या कागदांवर सगळीकडे 'माधव पाठक', स्वच्छ, वाचता येईल अशी. चार लोकांत मी याचा अभिमानही मिरवायचो.

महिन्याभराने एका संध्याकाळी कामावरून आलो तर आई स्वयंपाकघरात नुसतीच बसून होती. शेगडी थंड होती.

"पोपोबाई आल्या होत्या," ती म्हणाली. "तीन महिन्यांत घर सोडायला सांगितलंय त्यांना."

"अरेरे," मी म्हणालो. माझ्या तोंडून खरंच 'अरेरे' निघालं.

"नोटिशीला शेजाऱ्यांचं पत्र जोडलेलं होतं. विनीने त्यांना वाचून दाखवलं. खाली आठ-नऊ सह्या. सगळ्या गिचमिड, कुणाची कुठली कळू नये अशा. एक सोडून." आई माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, 'वॉशिंग.' आणि मला विचारलं, 'यू रीड?'"

 जेवणाचा डबा अजून माझ्या हातात होता.

"मी मान हलवली. म्हटलं, नो. नो रीड." आईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पस्तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, माधव. आज मला वाचता येत नाही म्हणून सांगितलं."

मग ती म्हणाली, "त्यांना कळलं रे. कागदाची घडी घातली, माझा हात धरला आणि विचारलं, 'यू ईट?'"

मी बायकोला सांगितलं, बॅरीला जाब विचारीन म्हणून. विचारला नाही. मालकाला फोन करून माझी सही मागे घेईन असंही ठरवलं. नंबर शोधून काढला, खिशात ठेवला आणि तो कागद पँटबरोबर धुतला गेला. रोज सकाळी सातला पोपो कुंपणापाशी असायची आणि विचारायची, आणि मी "यस, पोपो" म्हणून गाडीत बसायचो. नंतर नंतर मी पावणेसातला निघू लागलो.

ते घर सोडून निघाले त्या दिवशी मी मदतीला गेलो. बॅरीने ट्रेलर दिला, अगदी आपणहून. मी खोकी उचलली, पलंग उतरवला, पाळण्याचा तो कठडासुद्धा बांधून दिला. पोपोच्या लेकीने माझा हात हातात घेतला. म्हणाली, गल्लीतून तुम्ही एकटेच आलात. मनात घोकून ठेवलेलं 'सॉरी' तिथेच सुकलं. आईने पोपोला एक डबा दिला. दोघी एकमेकींचे हात चोळत उभ्या राहिल्या. मग पोपो माझ्याकडे वळली. तिच्या हातात बादली होती आणि बादलीत अळूचे कोंब फुटलेले कंद, ओल्या मातीसकट. "फॉर ममा," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे तिने नीट बघितलं. राग नव्हता, निदान मला दिसला नाही. "यू ईट?"

"यस," मी म्हणालो. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. विनीची शाळा बदलली, जुई आठवडाभर रडली, मग त्यांचा नंबरही लागेनासा झाला. नव्या भाडेकरूंनी हिरवळ पुन्हा लावली.

आईचं परतीचं तिकीट, ते लोक गेले त्याच्या पुढच्याच आठवड्याचं होतं. निघताना तिने ती बादली माझ्या पुढ्यात ठेवली. "हे पुढच्या अंगणात लाव," ती म्हणाली. "फाटकाशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं." एवढंच. आयुष्यात तिने मला दिलेली ती एकच शिक्षा असेल.

मी अळू गॅरेजच्या मागे लावलं. आधी म्हटलं, थंडी संपली की पुढे हलवू. मग म्हटलं, मुळं धरलीत, आता कशाला त्रास द्या. फोनवर आई विचारायची, "अळू लागलं का?" मी म्हणायचो, "लागलं." कुठे, ते तिने कधी विचारलं नाही. ती परत इथे आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. आता तीही नाही.

अळू मात्र हटवादी आहे. दर थंडीत झोपतं, दर उन्हाळ्यात उठतं. गेल्या सुट्टीत जुई घरी आली होती. आजीसारख्या वड्या करायच्या म्हणून मागे पानं तोडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, व्हाय इज द टॅरो आउट द बॅक? देअर्स हीप्स ऑफ सन आउट फ्रंट."

मागची माती चांगली आहे, असं मी तिला सांगितलं.